कोऱ्या कॅसेटवरची सतरा मिनिटं

माझी नणंद नीरजा एकसष्ट वर्षांची आहे, आणि तिला जे गाणं आवडतं ते आमच्या घरात कुणालाही आवडत नाही. मलाही नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणाचा गैरसमज नको.

त्या गाण्याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. १९८५ साली मी मिरजेहून लग्न होऊन बंगळुरातल्या चामराजपेटच्या या घरात आले. पहिल्याच संध्याकाळी देवाजवळ दिवा लावला, हात जोडले, आणि मागच्या खोलीतून असा आवाज आला की मला वाटलं, फळीवरचे सगळे पितळी डबे गडगडत खाली येताहेत. दचकून सासूबाईंकडं पाहिलं. त्या वातीची काजळी झटकत म्हणाल्या, "काही नाही ग. नीरजा आहे. एवढ्यात थांबत नाही ते. तू आरती सुरू कर."

एवढ्यात थांबत नाही, हीच सगळ्यांची मुख्य तक्रार. एकेक गाणं वीस-वीस मिनिटं. त्यातली निम्मी मिनिटं कुणी गातच नाही. मधेच वाटतं आता सूर लागला, पायानं ठेका धरावा, तोच ठेका मोडतो. आमचे हे, म्हणजे विश्वासराव, पेटी चांगली वाजवतात. शनिवारच्या भजनात साथीला तेच बसतात. त्यांनी एकदा नीरजाच्या खोलीच्या दारात उभं राहून मांडीवर ताल मोजायचा प्रयत्न केला आणि म्हणाले, "जिना उतरताना एक पायरीच नसावी, तसं होतं. माणूस पडतो ह्याच्यात."

"पडत नाही अण्णा. सात मोज. आठ नको मोजू," नीरजा म्हणाली.

"आठ मात्रांत देव भेटतो. सातात कोण भेटतं ते तू बघ," असं म्हणून ते निघून गेले.

हे घराणं बंगळुरात साडेतीनशे वर्षांपासूनचं. घरात मराठी, पण 'स्वल्प सरक' म्हणजे जरा सरक आणि 'सरी, पान वाढा' म्हणजे बरं, पान वाढा, हेही मराठीच, असं इथं समजतात. एवढ्या वर्षांत या घरानं कानडी पचवलं, इंग्रजी पचवलं, दोन मुलींची परजातीतली लग्नंही पचवली. नीरजाचं गाणं मात्र पचलं नाही.

नीरजा तेव्हा बावीस वर्षांची. टेलिफोन बनवणाऱ्या सरकारी कारखान्यात तपासणीच्या विभागात कामाला. दिवसभर रिसीव्हर कानाला लावायचे, आतला आवाज बरोबर येतो का ते ऐकायचं आणि चुकीचे बाजूला काढायचे, हे तिचं काम. उंच, काटकुळी, जाड वेणी, बोलणं कमी. कुकरच्या शिट्ट्या तिच्याइतक्या अचूक कुणी मोजत नसे. तिथल्याच कुणीतरी तिला एक रेकॉर्ड ऐकवली आणि ती त्यात पडली ती पडलीच.

तिनं कुणावर लादलं नाही असं मी म्हणणार नाही. बोलवायची ती. "वहिनी, ये ना. बस इथं. हे बघ आता काय होतं." माझे हात कणकेत. मी म्हणायची, "नंतर." दिवा लागल्यापासून आरती संपेपर्यंत टेप बंद, हा नियम घरात मी आणला. तिनं तो कधी मोडला नाही. सात वाजता आवाज असा थांबायचा की जणू कुणी नरडं दाबलं. मला त्याचं समाधान वाटायचं, हे खरं.

पुढच्या वर्षी धारवाडचं स्थळ आलं. मुलगा वकील. पोहे झाले, चहा झाला. मुलाच्या आईनं विचारलं, "गाणं येतं का?" सासूबाई घाईनं म्हणाल्या, "पेटी शिकलीय." मुलानं विचारलं, "कसलं गाणं आवडतं?" नीरजानं खरं सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, डोळे चमकवून सांगितलं. "एक गाणं आहे, तेवीस मिनिटांचं. त्यात सुरुवातीला जे येतं ते पार शेवटी परत येतं, पण तोवर ते बदललेलं असतं."

मुलाची आई म्हणाली, "तेवीस मिनिटांत आमच्याकडं चार माणसांचा स्वयंपाक होतो."

सगळे हसले. नीरजाही हसली. आठ दिवसांनी धारवाडहून पत्र आलं की पत्रिका जुळत नाही. नंतरची दोन स्थळंही अशीच गेली, आणि दर वेळी सासूबाई म्हणायच्या, "एकदा खोटं बोलली असतीस तर काय बिघडलं असतं?" तिचं लग्न झालं नाही. त्याला दुसरीही कारणं होती, पण घरात कारण एकच धरलं गेलं.

आता कॅसेटचं सांगते, कारण सगळं तिच्यापाशी येतं.

कारखान्यात मंजुनाथ नावाचा मुलगा होता, ड्रम वाजवायचा. आणखी एक गिटारवाला. नीरजा कीबोर्डवर. तिघांनी मिळून स्वतःचं एक गाणं बांधलं, तेवीस मिनिटांचं. वर्षभर ते कारखान्याच्या सुट्टीत टेबलावर बोटांनी मोजत बसायचे. सात, सात, पाच, नऊ. लोक म्हणाले, मंजुनाथचं आणि हिचं काहीतरी आहे. मी विचारलं तर म्हणाली, "वहिनी, आम्ही फक्त मोजतो." मला ते खोटं वाटलं होतं. आता वाटत नाही.

१९८७ च्या वार्षिक समारंभात त्यांनी ते वाजवलं. नवव्या मिनिटाला मागच्या रांगांतून ओरडा सुरू झाला, "सिनेमातलं वाजवा!" कुणीतरी माइक बंद केला. आमचे हे तिसऱ्या रांगेत होते. घरी येऊन चप्पल न काढताच म्हणाले, "माझ्या बँकेतले दोघं होते तिथं. उद्या काय सांगू त्यांना? बहीण कल्हई करते म्हणून?"

दोन आठवड्यांनी हे तुमकुरूला गेले असताना तिनं घरातली पेटी रिक्षात घातली, मंजुनाथच्या शेडमध्ये नेली आणि अख्खं गाणं एका कॅसेटवर भरून घेतलं. ह्यांना कळलं, कारण पेटीवरची खोळ उलटी बांधली गेली होती. त्या दिवसापासून पेटीला कुलूप लागलं आणि किल्ली यांच्या खिशात गेली. "पेटी भजनाची आहे," एवढंच म्हणाले. चार वर्षांनी मंजुनाथ काविळीनं गेला, एकोणतिसाव्या वर्षी. गिटारवाला कुठल्या देशात गेला ते कळलं नाही. गाण्याची ती एकच कॅसेट राहिली. नीरजानं मला ती तीन-चारदा तरी ऐकवायची म्हटली असेल. मी म्हटलं, नंतर.

मी रोज वही लिहिते, लग्नाआधीपासून. पूजा काय केली, कोण आलं, काय शिजलं, एवढंच असतं त्यात. १९९९ च्या वहीत, गौरी यायच्या पंधरा दिवस आधीचं एक पान आहे. सासूबाई तेव्हा अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांना त्यांच्या आजीकडून आलेलं गौरीचं एक गाणं येत असे, कुठंही लिहिलेलं नाही, अर्धं जुनं मराठी, अर्धं कानडी. महिनाभर त्यांच्या घशातून आवाज निघत नव्हता आणि त्या दुपारी अचानक त्या उठून बसल्या आणि म्हणाल्या, "हेमलता, आज येतंय बघ. घे लिहून." लिहून चाल कशी घेणार? मी कॅसेट शोधायला धावले.

सगळ्या कॅसेटींवर काही ना काही होतं. ओसरीवरच्या कपाटात एक सापडली, तिच्यावर नाव नव्हतं, नुसते चार आकडे. नीरजा कारखान्यातून तपासणीच्या अशा कॅसेटी आणायची, त्यांच्यावर आकडेच असत आणि आत एकसारखा 'कूं' आवाज. मी लावून पाहिली. दोन मिनिटं थांबले. काही नव्हतं. आतून सासूबाई खोकत होत्या, मला भीती की आवाज पुन्हा बसेल.

कॅसेटच्या वरच्या कडेची खाच मोडलेली होती. खाच मोडलेली म्हणजे ह्यावर भरू नये, हे मला ठाऊक होतं. तरी मी शेजारच्या वातींच्या डब्यातला कापूस घेतला, बटण बसावं म्हणून बोळा करून खाचेत दाबला, कॅसेट पुन्हा सुरुवातीला नेली आणि लाल बटण दाबलं. सासूबाईंनी सहा मिनिटं गायलं. मग त्या दमल्या.

आकड्यांवर मी नवी चिठ्ठी चिकटवली, 'सासूबाई, गौरीचं गाणं'. कॅसेट खणात गुंडाळून देवघराच्या कपाटात ठेवली. सासूबाई संक्रांतीआधीच गेल्या. त्यानंतर दर वर्षी गौरीपुढं आम्ही ती कॅसेट मांडतो, त्यांचा आवाज आहे म्हणून. झिजेल या भीतीनं ती कधी लावली मात्र नाही. तिला हळदकुंकू नीरजा वाहते, कारण लेकीचा मान तिचा.

त्याच दिवाळीत नीरजानं सगळं घर उलथंपालथं केलं. माळा, ट्रंका, रद्दी. माझ्या वहीत त्या दिवशी असं आहे: 'नीरजाची कुठलीशी कॅसेट हरवली. घरभर शोधते आहे. एक कमी झाली तर बरंच.'

मला जोडता आलं नाही. माझ्या लेखी मी कोरी कॅसेट वापरली होती.

पुढं टेप बिघडला, मग टेपची जातच गेली. नीरजा कारखान्यातून निवृत्त झाली. गाणं तसंच राहिलं, फक्त आता ती कानाला लावून ऐकते. लोक मात्र सुधारले नाहीत. तिची शाळेपासूनची मैत्रीण श्रीविद्या आणि ही, अशा चार बायका मिळून एकदा म्हैसूरला निघालेल्या. गाडीत प्रत्येकीनं आपलं एक गाणं लावायचं असं ठरलं. नीरजाची पाळी आली. मंड्याच्या अलीकडं श्रीविद्या म्हणाली, "नीरू, आपण रामनगरला होतो तेव्हापासून हेच चालू आहे. ड्रायव्हरसुद्धा स्वल्प घाबरलाय." मत घेतलं आणि बंद केलं. बायकांच्या ग्रुपवर नीरजानं एकदा एक गाणं पाठवलं. खाली उत्तर आलं, 'कोणी वारलं का?' त्याखाली हसणारी अकरा तोंडं. माझंही एक होतं त्यात.

आमचा आशय व्हाइटफील्डला कामाला आहे. वाटलं होतं, नव्या पिढीचा आहे, त्याला तरी कळेल. तो म्हणाला, "आत्या, आता हे फक्त दाढीवाले अंकल ऐकतात. तेही एकेकटे."

"मग मी एकटीच ऐकते की," नीरजा म्हणाली.

गेल्या भाद्रपदात आशयनं ऑफिसातल्या कुणाकडून तरी जुना टेप आणला. म्हणाला, आजीचा आवाज लॅपटॉपवर घेऊ, म्हणजे कायमचा राहील. गौरीपूजनाचा दिवस. जेवणं झालेली. ह्यांचे चुलतभाऊ हयवदन आले होते, श्रीविद्या आली होती. मी कोपऱ्यात बसून वाती वळत होते. नीरजा आत सोळा भाज्यांची भांडी आवरत होती. आशयनं गौरीपुढची कॅसेट उचलली, नमस्कार केला आणि लावली.

पंचवीस वर्षांनी सासूबाईंचा आवाज घरात आला. ह्यांनी चष्मा काढला. हयवदन भावोजींच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटच्या कडव्याला त्यांना धाप लागली होती, तीही ऐकू आली. मग खट् असा आवाज झाला.

आणि त्याच क्षणी, धाड्कन, ड्रम आणि कीबोर्ड. मधूनच, वाक्याच्या मध्यातून कुणी बोलायला लागावं तसं.

श्रीविद्या किंचाळलीच. "अय्यो, हे काय!"

"अरे बंद कर, बंद कर!" हे ओरडले. "गौरी बसल्यात समोर!"

"थांब," दारातून नीरजा म्हणाली. तिच्या हातात ओली पळी होती, तिचं पाणी फरशीवर ठिबकत होतं. "आशय, हात लावू नकोस." ती दोन-तीन क्षण ऐकत राहिली. मग तिनं पुढं येऊन स्वतःच बटण दाबलं, कॅसेट बाहेर काढली, चष्म्याजवळ धरली. माझी चिठ्ठी नखानं उचकटली. खाली आकडे होते. ७ ७ ५ ९.

तिनं कॅसेट उलटी केली आणि वरची कड पाहिली.

"वहिनी," ती म्हणाली, "इथं सगळे कागद कोंबतात. कापूस कोण कोंबतं?"

माझ्या हातात अर्धी वळलेली वात होती. मी म्हटलं, "मी."

"खाच मी मोडली होती."

"हो. दिसली होती मला."

"मग?"

"कोरी वाटली. लावून पाहिली होती मी. आत काही नव्हतं."

नीरजा माझ्याकडं अशी पाहत राहिली की मी खाली बघितलं. "पंचवीस वर्षं मी हिला कुंकू लावते आहे," ती हळू म्हणाली.

हे उठले. "हे बघ नीरजा, झालं ते झालं. अम्माच्या आवाजाला तुझी ती भांडी चिकटलीत, ती आधी काढ. आशय, आजीचं तेवढं ठेव, बाकी पुसून टाक."

"मी अजून सेव्हच केलेलं नाही, अप्पा," आशय म्हणाला. "आधी नुसतं लावून बघत होतो."

हे ऐकल्यावर नीरजानं मूठ मिटली. कॅसेट आत. "सरी. मग आता माझं ऐका. अम्माचं गाणं हवंय ना तुम्हाला? मलाही हवंय. पण कॅसेट माझी आहे. माझं तेवीस मिनिटांचं होतं, सहा गेली, सतरा उरलीत. ती सतरा मिनिटं तुम्ही सगळ्यांनी इथं बसून ऐकायची. एकदा. मग काय पुसायचं ते पुसा."

"गौरीपुढं?" हे म्हणाले.

"गौरीपुढंच तर आहे ती कधीपासून."

"अक्का, हट्ट आहे हा," हयवदन भावोजी म्हणाले. "मेलेल्या आईच्या आवाजावर सौदा?"

"हो. सौदा. चाळीस वर्षांत तुमच्याकडून सतरा मिनिटं दुसऱ्या कुठल्या किमतीला मिळाली नाहीत."

हे धप्पकन खुर्चीत बसले, गौरीकडं तोंड आणि आमच्याकडं पाठ करून. आशयनं लॅपटॉप जोडला आणि सुरुवातीपासून लावली. सासूबाईंनी पुन्हा गायलं. पुन्हा धाप. पुन्हा खट्.

मी घड्याळाकडं पाहिलं. तीन वाजून दहा मिनिटं.

तिसऱ्या मिनिटाला हयवदन भावोजी उठले. "गाडी नो पार्किंगमध्ये आहे," म्हणाले. त्यांची गाडी आमच्या दारातच होती. पाचव्या मिनिटाला श्रीविद्याचा फोन वाजला. खरंच वाजला की तिनं वाजवला, देव जाणे. ती फोन कानाला लावून बाहेर गेली आणि पायऱ्यांवर कुणाला तरी सांगताना ऐकू आली, "अग, नाही ग, इथं त्यांच्या घरात एक प्रकार चाललाय."

नीरजानं त्यांच्याकडं पाहिलं नाही. ती भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती, गुडघे वर, पदर गुडघ्यांवरून ओढलेला. मला ते गाणं कसं वाटलं ते लिहिते. कर्कश वाटलं. मधे एकदा गिटार अशी चिरकली की माझे दात शिवशिवले. देवाचं नाव नाही, माणसाचं नाव नाही, एक शब्द नाही. मी वाती वळत राहिले, कारण हाताला काही नसतं तर मीही उठले असते. आणि मी उठू शकत नव्हते.

मग ते सगळं कमी होत गेलं. ड्रम थांबले. गिटार थांबली. कीबोर्डचा एक सूर राहिला, तोही बारीक होत होत गेला. खोलीत फक्त कॅसेटची खरखर, आणि बाहेर रिक्षांचे हॉर्न.

"झालं?" हे पाठमोरेच म्हणाले. "सुटलो. आशय, बंद कर ते आणि पूस."

आशयचा हात पुढं गेला.

माझी नजर नीरजाच्या पायाकडं होती. साडीच्या काठाखालून तिचा अंगठा दिसत होता आणि तो हलत होता. सात. पुन्हा सात. पाच. त्या शांततेत ती मोजत होती. पंचवीस वर्षांपूर्वी मी असंच काहीतरी दोन मिनिटं ऐकून उठले होते.

"आशय, हात काढ," मी म्हटलं. "संपलेलं नाही."

"तुला काय ठाऊक?" हे वळून म्हणाले.

"बसा तुम्ही."

एकोणचाळीस वर्षांत मी ह्यांना असं कधी म्हटलं नव्हतं. ते बसले नाहीत. उभेच राहिले. नीरजाचा अंगठा नवावर आला आणि बरोबर तिथं तिघंही एकदम आत आले. ती पुढची चार-साडेचार मिनिटं मला आवडली असं सांगितलं तर तुम्हाला बरं वाटेल, पण तसं झालं नाही. एवढं मात्र कळलं की ते तिघं एकाही ठिकाणी एकमेकांना सोडून गेले नाहीत. मी मोजायचा प्रयत्न केला. सातापर्यंत मला जमलं, मग चुकलं.

तीन वाजून सत्तावीस मिनिटांनी ते खरंच संपलं. शेवटी एका मुलाचा आवाज आहे, कानडीत, "सरीना?" म्हणजे बरोबर आलं ना? आणि तरुण नीरजाचा आवाज, "हूं." तो मंजुनाथ. त्याचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

"झाला सौदा," हे म्हणाले. "आता पूस."

नीरजानं अडवलं नाही. शब्दाची पक्की आहे ती.

मी आशयला म्हटलं, "अख्खं ठेव. सासूबाईंचं आणि हे, एकात एक. मधे तोडायचं नाही."

"आई, अप्पा म्हणताहेत—"

"एकदा माझ्या हातून पुसलं गेलं. दुसऱ्यांदा माझ्या डोळ्यांदेखत नको. तुझ्या आजीचं गाणं त्या कॅसेटवर पाहुणं आहे, हे नाही."

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं, गौरीला नमस्कार केला, आणि विडा न घेता बाहेर निघून गेले. त्या दिवसापासून हे माझ्याशी गरजेपुरतं बोलतात. शनिवारच्या भजनाला चला म्हणत नाहीत, मी आपली मागून जाते. हयवदन भावोजींनी सगळ्या गोतात सांगितलं की नीरजानं गौरीपुढं तमाशा केला आणि वहिनींनी तिला साथ दिली. श्रीविद्यानं ग्रुपवर काही लिहिलं नाही, पण नीरजाला म्हैसूरच्या पुढच्या सहलीचं विचारलंही नाही.

गौरी उठल्या त्या संध्याकाळी, आरती झाल्यावर, नीरजा देवघरात आली. माझ्यासमोर पाट ओढून बसली.

"तुला माफ केलंय असं समजू नकोस," म्हणाली.

"नाही समजत."

"एक विचारायचं होतं. ती पहिली सहा मिनिटं आता कुठंच नाहीत. मंजुनाथ नाही, दुसऱ्याचा पत्ता नाही, मला स्वतःला नीट आठवत नाही. ती शेवटची ऐकणारी तूच. काय ऐकलंस?"

"सांगितलं ना, काही नव्हतं."

"काही नव्हतं असं नसतं, वहिनी."

मी उठून ट्रंकेतून १९९९ ची वही काढली. पान सापडायला वेळ लागला. मोठ्यानं वाचलं: 'आज सासूबाईंना आवाज आला. गौरीचं गाणं भरून घेतलं. कपाटात एक कोरी कॅसेट सापडली. लावून पाहिली तर आत लांब कुठंतरी पंखा फिरत असल्यासारखं, बाकी काही नाही. रात्री मुगाची खिचडी.'

"पंखा?" नीरजा म्हणाली.

"तसं लिहिलंय."

तिचे ओठ हलले. "तो पंखा नाही ग. आपली पेटी. सगळ्यात खालची पट्टी, आणि भाता अगदी, अगदी हळू. दोन मिनिटं तेवढंच होतं. मंजुनाथ म्हणायचा, एवढं हळू की लोकांना वाटलं पाहिजे, सुरूच झालं नाही."

"मला तसंच वाटलं," मी म्हटलं.

तिनं माझं पेन मागितलं. कॅसेटवर, आकड्यांच्या खाली, वहीतलं ते वाक्य उतरवून घेतलं. 'लांब कुठंतरी पंखा फिरत असल्यासारखं.' खिचडी सोडली. मग कॅसेट उलटी करून खाचेतला कापसाचा बोळा नखानं हळू बाहेर ओढला, पिवळा पडलेला, आणि माझ्या वातींच्या डब्यात टाकला.